कोल्हापूर ते लंडन: विमानाचे अंतर, प्रवासाचा वेळ आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातून दरवर्षी कितीतरी मुले शिकायला ब्रिटनला जातात आणि पुढे वर्ष-दीड वर्षात त्यांचे आईवडील त्यांना भेटायला निघतात. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: लंडन किती लांब आहे आणि पोहोचायला किती वेळ लागतो? इंटरनेटवर याचे उत्तर एका आकड्यात मिळते, पण त्या आकड्यावर प्रवास आखता येत नाही. आकाशातले नऊ-दहा तास जवळजवळ ठरलेले असतात. वेळ वाढतो किंवा वाचतो तो जमिनीवर, आणि सगळ्यांत जास्त कोल्हापूर ते मुंबई या टप्प्यात. म्हणून खालच्या उत्तरांत त्या टप्प्यालाच जास्त जागा दिली आहे. विमानांची वेळापत्रके हंगामागणिक बदलतात, तेव्हा तिकीट काढताना त्या दिवसाचे वेळापत्रक स्वतः बघाच.

कोल्हापूर ते लंडन हवाई अंतर नेमके किती?

उजळाईवाडीच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत सुमारे ७,५१५ किलोमीटर. मैलांत सांगायचे तर साधारण ४,६७०, आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत सुमारे ४,०६०. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे हे अंतर त्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडे कमी भरते.

हे अंतर पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर कोल्हापूर आणि लंडन यांच्यात दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल ती ही वाट. प्रत्यक्ष विमान याहून काहीशे किलोमीटर जास्त उडते. त्याचे कारण पुढे येईलच.

कोल्हापूरहून लंडनला थेट विमान आहे का?

नाही, आणि नजीकच्या काळात होण्यासारखेही नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये हे विमानतळ सुरू केले, तेव्हा देशातल्या फार थोड्या शहरांत अशी सोय होती. मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारतही झाली. पण लंडनपर्यंत न थांबता जाणारे मोठे विमान इंधनाने भरून उठवायचे तर धावपट्टी खूप लांब लागते. मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४४८ मीटरची आहे. कोल्हापूरची १,३७० मीटरवरून १,९३० मीटर झाली आणि ती २,३०० मीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले गेले. तेवढ्या लांबीवर देशांतर्गत मार्गांवरची मोठी जेट विमाने नीट उतरू शकतील, ही कोल्हापूरकरांसाठी मोठीच गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी मात्र इमिग्रेशन आणि कस्टम्सही लागते. तेव्हा पासपोर्टवर शिक्का मोठ्या शहरातच बसणार.

मग मुंबई, हैदराबाद की बंगळूर? कुठून जवळ पडते?

मुंबई. इतकी जवळ की नकाशा पाहून आश्चर्य वाटते. कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आणि मुंबई ते हीथ्रो सुमारे ७,२१०. दोन्हींची बेरीज ७,५२०. म्हणजे मुंबईमार्गे जाण्यात वाट जेमतेम पाच-सात किलोमीटरनी वाढते. कोल्हापूर-लंडन रेषेवर मुंबई जवळजवळ नेमकी बसलेली आहे.

हैदराबादमार्गे गेलात तर आधी साडेचारशे किलोमीटर पूर्वेला जायचे आणि तिथून ७,७५० किलोमीटर परत पश्चिमेकडे. एकूण ८,२०० च्या घरात. बंगळूरमार्गे साडेआठ हजारांच्या वर. तरीही हे पर्याय वाईट नाहीत. कोल्हापूरहून या शहरांना विमानसेवा राहिली आहे आणि दोन्हीकडून लंडनला थेट विमाने उडतात. उजळाईवाडीला सकाळी बसून दुपारच्या किंवा रात्रीच्या लंडनच्या विमानात चढता येत असेल, तर सहाशे-हजार किलोमीटर जास्त उडूनही रात्रभराचा रस्ता वाचतो. तास मोजताना किलोमीटरकडे फार बघू नका. आकाशात हजार किलोमीटरला सव्वा तास लागतो, महामार्गावर तेवढ्या वेळात कराडही येईल की नाही सांगता येत नाही.

मुंबई ते लंडन प्रत्यक्ष उड्डाणाला किती तास लागतात?

मुंबईहून जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास. लंडनहून येताना नऊ तासांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. तिकिटावर दाखवलेल्या वेळेत विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा सगळा काळ धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत जाणे, हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणे हेही त्यात आले.

लांब पल्ल्याचे विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. ७,२१० ला ९०० ने भागले की आठ तास येतात, म्हणून अनेक जण विचारतात की मग दहा तास कसे? वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, वाट दोऱ्यासारखी सरळ नसते आणि समोरून वारा असतो. वरचे दीड-दोन तास या तिन्हींचे.

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असे का?

वाऱ्यामुळे. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडते, आणि त्या उंचीवर उत्तर गोलार्धाच्या मधल्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शे-दोनशे किलोमीटर सहज असतो, हिवाळ्यात त्याहूनही बराच जास्त. लंडनला जाताना आपण या वाऱ्याच्या तोंडावर जातो, परतताना तो पाठीशी असतो. पंचगंगेच्या प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याला आणि प्रवाहाबरोबर येणाऱ्याला तेवढेच पाणी कापायला वेगळा वेळ लागतो, तसेच हे आहे.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाण्याचा प्रवास सर्वांत लांब वाटतो आणि परतीचा सर्वांत झटपट होतो. त्या महिन्यांत पुढची गाडी किंवा विमान पकडायचे असेल तर जाताना थोडी सवड जास्त ठेवा.

विमान नकाशावर सरळ रेषेत का जात नाही?

दोन कारणे आहेत. पहिले साधे. भिंतीवरचा नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. सपाट नकाशावर मुंबई-लंडन पट्टी ठेवली तर ती इराणच्या आखाताजवळून आणि इराकवरून जाते. गोलावर ताणलेला दोरा मात्र बराच उत्तरेने जातो: कराचीजवळून बलुचिस्तान, मग इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग, जॉर्जिया, युक्रेनचा दक्षिण भाग आणि पुढे मध्य युरोप ओलांडून इंग्लंड.

दुसरे कारण आजच्या जगाचे. या दोऱ्याखालचे बरेच आकाश सध्या मोकळे नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनची हवाई हद्द नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली, भारतानेही तसेच केले. जून २०२५ मध्ये इराण-इस्राएल संघर्षात इराणचे आकाश काही दिवस बंद होते. अशा वेळी विमाने अरबी समुद्रावरून ओमान, आखात, इराक, तुर्कस्तान अशा दक्षिणेच्या वाटेने जातात. वाट लांबते, इंधन जास्त लागते, वेळ वाढतो. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना पाकिस्तानच्या बंदीचा फटका जास्त बसतो. मुंबईच्या विमानांना समुद्राची वाट जवळ असल्याने तो कमी बसतो.

त्यामुळे चार वर्षांपूर्वी गेलेल्या नातेवाइकाने सांगितलेला वेळ आज तसाच लागू होईल असे धरू नका. बातम्यांत आखातात तणाव असल्याचे आले तर विमान कंपनीचा संदेश रोज बघत जा.

घरातून निघून लंडनच्या घरी पोहोचेपर्यंत एकूण किती वेळ लागतो?

हाच खरा प्रश्न आहे, आणि याचे उत्तर बहुतेकांना अपेक्षेपेक्षा मोठे वाटते. रेल्वेने मुंबईला जाणाऱ्या माणसाचा उन्हाळ्यातला एक साधा हिशेब बघा.

रात्री आठला राजारामपुरीतले घर सोडले. महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून सकाळी सातच्या सुमारास दादर. साडेआठपर्यंत सहारचे टर्मिनल, म्हणजे मुंबई विमानतळाचे टी-२. दुपारी एकचे विमान, दहा तासांचे उड्डाण. आपल्या घड्याळात रात्रीचे अकरा, लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा. इमिग्रेशन, सामान आणि पुढचा लोकल प्रवास धरून रात्री नऊला मुक्कामी. तेव्हा कोल्हापुरात मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो.

एकूण साडेएकोणतीस तास. त्यातले विमानातले दहा. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश वेळ जमिनीवर जातो. सर्वांत वेगवान विमान शोधून वाचेल जास्तीत जास्त अर्धा तास. कोल्हापूर-मुंबई टप्पा नीट बांधला तर चार-सहा तास वाचतात, किंवा निदान ते तास झोपेचे होतात.

मुंबई विमानतळापर्यंत सर्वांत चांगले कसे जावे?

सामान किती, सोबत कोण आणि विमान किती वाजता, यावर ते अवलंबून आहे.

दुपारच्या विमानासाठी रात्रीची रेल्वे मला सगळ्यांत भरवशाची वाटते. आडवे होऊन झोपता येते आणि घाटातल्या कोंडीशी संबंध येत नाही. शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता दादरला उतरा, विमानतळ तिथून जवळ. दादरहून आता भुयारी मेट्रो थेट टी-२ टर्मिनलपर्यंत जाते, पण रेल्वे स्थानकापासून मेट्रोपर्यंत चालावे लागते. एक चाकाची बॅग असेल तर ठीक, दोन मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसे असतील तर टॅक्सी घ्या.

खासगी स्लीपर बसने जात असाल तर बोरिवलीकडे जाणारी निवडा. ती पश्चिम द्रुतगती महामार्गाने जाते, विलेपार्ले-अंधेरीला उतरले की विमानतळ जवळच. इतर बसमधून सायन किंवा चेंबूरला उतरून टॅक्सी करावी लागते.

स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने रस्ता सुमारे पावणेचारशे किलोमीटर. मोकळा असेल तर सात तास. पण मोकळा असेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. कागल ते सातारा महामार्गाचे रुंदीकरण बरीच वर्षे चालले, खंबाटकीला आणि द्रुतगती मार्गाच्या खंडाळा घाटात शनिवार-रविवारी गाड्या तुंबतात, आणि पुण्याच्या बाहेरून जायलाही कधी कधी तास जातो. सात तासांच्या रस्त्याला दहा तास धरा. आणि रात्रभर गाडी चालवून आलेल्या भावाला किंवा मामाला लगेच परत पाठवू नका, त्याला मुंबईत चार तास झोपू द्या.

विमानाने कोल्हापूर-मुंबई तासाभराचे. सेवा चालू असेल आणि वेळ जुळत असेल तर आनंदाने घ्या, पण त्याच दिवशीच्या लंडनच्या विमानाशी जोडताना पुढचे दोन प्रश्न नक्की वाचा. तिकिटावर मुंबईचे कोणते टर्मिनल आहे तेही बघा. टी-१ आणि टी-२ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, एकातून दुसऱ्यात जायला रस्त्यावर यावे लागते. नवी मुंबईचे विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झाले आहे, त्याचा कोड एनएमआय आणि जुन्या मुंबईचा बीओएम. उलव्याला, म्हणजे या नव्या विमानतळावर, उतरून सहारला जायचे तर मुंबईच्या रहदारीत दोन तास सहज जातात.

पावसाळ्यात किती आधी निघावे?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि सगळ्यांत आधी विचारायला हवा तो हाच. ब्रिटनच्या विद्यापीठांची सत्रे सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणून आपली मुले ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. नेमके त्याच दिवसांत पंचगंगा फुगलेली असते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. २०१९ मध्ये रेल्वेही थांबली होती. उजळाईवाडीची छोटी विमाने ढग खाली आल्यावर आणि दिसणे कमी झाल्यावर उशिरा निघतात किंवा रद्द होतात. म्हणजे रस्ता, रेल्वे आणि विमान हे तिन्ही एकाच आठवड्यात बंद पडू शकतात, आणि एकाला दुसरा पर्याय राहत नाही.

जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत जाणार असाल तर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत राहा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे इथल्या प्रत्येकाला पाठ असते. पाणी ३९ च्या दिशेने चढायला लागले आणि राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की उद्याचा विचार करू नका, त्याच दिवशी निघा. पुण्याला किंवा मुंबईला नातेवाइकांकडे दोन-तीन दिवस आधी जाऊन बसलेले केव्हाही चांगले. वर्षाची फी भरलेली असते, व्हिसा लागलेला असतो, घरच्यांनी कर्ज काढलेले असते. दोन दिवसांच्या मुक्कामाचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या नदीकाठच्या गावांतल्या मुलांनी तर कागदपत्रांची फाइल आणि बॅगा जुलैअखेरीसच कोल्हापुरात किंवा आणखी उंचावरच्या नातेवाइकांकडे आणून ठेवाव्यात. पासपोर्ट घरात आणि घर पाण्यात, ही वेळ कुणावर येऊ नये.

एकच तिकीट काढावे की दोन वेगळी?

जमेल तिथे एकच. कोल्हापूर ते लंडन सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकल्यास पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि सामानही बहुतेक वेळा थेट लंडनपर्यंत जाते. वेगळी तिकिटे असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. तिकीट बुडते.

कोल्हापूरच्या बाबतीत अडचण अशी की इथे उडणाऱ्या छोट्या कंपन्या आणि लंडनला जाणाऱ्या कंपन्या यांचे एकत्र तिकीट नेहमी मिळत नाही. वेगळी तिकिटे काढावीच लागली तर दोन विमानांमध्ये किमान सात-आठ तास ठेवा, पावसाळ्यात एक रात्र.

सामानाचाही फरक पडतो. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलोची एकच बॅग नेता येते, लंडनच्या विमानात तिकिटानुसार २३ किलोची एक किंवा दोन. वेगळ्या तिकिटावर २३ किलोची बॅग घेऊन उजळाईवाडीला गेलात तर जास्तीच्या वजनाचे पैसे भरावे लागतील. दोन मोठ्या बॅगा घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच रेल्वे परवडते.

भारत आणि लंडन यांच्या वेळेत किती फरक आहे?

उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. आपण पुढे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. आपण काहीच बदलत नाही.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची असते. जानेवारीत मुंबईहून दुपारी दोनला निघून संध्याकाळी साडेसहाला लंडन असे लिहिलेले पाहून प्रवास साडेचार तासांचा वाटतो. त्यात साडेपाच मिळवा, दहा तास. परतीला उलटे करा. रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई म्हणजे साडेचौदा तास दिसतात, त्यातून साडेपाच वजा करा, नऊ तास.

लंडनला जाताना दिवस लांबतो, आणि शरीराला लांबलेला दिवस जास्त सोपा जातो. पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीन-चारला जाग येईल, तेवढेच. परत आल्यावर मात्र रात्री झोप येत नाही, तेव्हा परतल्याच्या दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे काम किंवा घरातले कार्य ठेवू नका.

दुबई किंवा दोहामार्गे गेले तर?

अंतर थोडेच वाढते. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे थेट वाटेपेक्षा दोन-सव्वादोनशे जास्त. दोहामार्गे तीनेकशे. वेळ वाढतो तो तिथल्या थांब्यामुळे. दोन तासांचा थांबा असेल तर एकूण तेरा-चौदा तास, रात्रभराचा असेल तर वीसच्या पुढे. विमानतळाबाहेर पडायचे नसेल तर तिथला व्हिसा लागत नाही.

तरुण मुलांनी पैसे वाचत असतील तर खुशाल जावे. दोन तासांपेक्षा कमी थांबा मात्र घेऊ नका, ही विमानतळे अवाढव्य आहेत.

आईबाबा पहिल्यांदाच, एकटे जाणार आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल. गावाकडची, इंग्रजी न येणारी, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी माणसे दरवर्षी जाऊन येतात. त्यांची सोय आपण इथून करून द्यायची.

त्यांच्यासाठी मुंबई-लंडन थेट विमानच घ्या, थोडे महाग असले तरी. मधल्या अनोळखी विमानतळावर गेट शोधण्याचा ताण त्या फरकाच्या पैशांपेक्षा मोठा असतो. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, व्हीलचेअरची मदत मागून घ्या. ती मोफत असते. चालता येत असले तरी गुडघे दुखत असतील, लांब चालवत नसेल तर ती मागायला संकोच करू नये. मदतनीस काउंटरपासून विमानापर्यंत आणि पलीकडे इमिग्रेशनमधून बाहेर मुलगा किंवा मुलगी भेटेपर्यंत सोबत असतो.

एका कागदावर इंग्रजीत लिहून द्या: कुणाकडे जातो आहोत, त्यांचा पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीची तारीख. इमिग्रेशनला हेच विचारतात. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत हवीत. आणि कडेची सीट घ्या. दहा तास एका जागी बसल्याने पाय सुजतात, रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो, म्हणून दर तास-दीड तासाने उठून चार पावले चालायला सांगा. बाबा उठणार नाहीत. आईला सांगून ठेवा, ती उठवेल.

मसाला, गूळ, चपला नेता येतात का?

कांदा-लसूण मसाला, गूळ, कोल्हापुरी चपला, सगळे नेता येते. मसाला मोठ्या बॅगेत, दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून. दूध आणि मांसाचे पदार्थ मात्र भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यातल्या तेलामुळे विमानात त्या ज्वलनशील मालात मोडतात. मसाला इथेच खोबरे घालून कुटून घ्यावा.

पूर्वी कोल्हापूरकर लंडनला कसे जात आणि किती वेळ लागायचा?

सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले (१९३९ मध्ये विमानतळ सुरू करणारे राजाराम महाराज वेगळे, नंतरचे). जहाजाने आठवड्यांचा प्रवास. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे आणि जवळच्या पुलाला तिथले लोक ‘इंडियन’चा पूल म्हणतात. युरोपात शिकणाऱ्या कोल्हापूरच्या मुलांनी एकदा तिथे जाऊन यावे, असे मनापासून वाटते.

१९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले, तेही बोटीने. राजा आजारी पडल्याने जूनमधला समारंभ ९ ऑगस्टला झाला. त्याच दौऱ्यात केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना एलएल.डी. ही मानद पदवी दिली.

एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून उडाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला पोहोचले. आज जे अंतर आपण एका झोपेत आणि दोन जेवणांत कापतो, त्यासाठी तेव्हा वाटेत दोनदा उतरावे लागे.

गोवा किंवा पुण्याहून जाणे सोयीचे पडेल का?

आजरा, चंदगड, गडहिंग्लजच्या लोकांनी गोव्याच्या मोपा विमानतळाचा विचार जरूर करावा. आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे ते मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. गोव्याहून लंडनच्या गॅटविक विमानतळाला थेट विमाने हंगामानुसार राहिली आहेत. ती नसतील त्या दिवसांत मोपाहून मुंबई-दिल्लीची विमाने भरपूर आहेत. पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, तिथून जायचे तर बदलूनच.

हीथ्रोवर उतरल्यावर शहरात जायला किती वेळ?

इमिग्रेशन आणि सामानाला एक ते दीड तास धरा. एलिझाबेथ लाइनने मध्य लंडन पाऊण तासाच्या आत, पिकॅडिली लाइनने तासाभरात आणि थोडे स्वस्तात. हीथ्रो एक्स्प्रेस पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत नेते, पण महाग आहे. मोठ्या बॅगांसह पिकॅडिली लाइनच्या गर्दीत शिरू नका, एलिझाबेथ लाइनचे डबे ऐसपैस असतात. तिकिटावर गॅटविक, स्टॅनस्टेड किंवा ल्यूटन असेल तर न्यायला येणाऱ्याला ते आधी कळवा. नावात लंडन असले तरी ही विमानतळे शहराच्या वेगवेगळ्या बाजूंना, बरीच दूर आहेत.

मुलगी लंडनला नाही, मँचेस्टरला आहे. तरी लंडनलाच उतरावे का?

गरज नाही. हीथ्रोहून मँचेस्टर आणखी तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि दहा तासांच्या उड्डाणानंतर ते बस किंवा रेल्वेने जाणे थकवणारे असते. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या दोन्ही शहरांना आखाती विमानतळांवरून थेट विमाने आहेत, तिथे एक थांबा घेतलेला बरा. लेस्टरला जाणाऱ्यांनी बर्मिंगहॅमला उतरावे. ऑक्सफर्ड, रीडिंग, स्लाउसाठी मात्र हीथ्रोच जवळ.